माहिती घरच्या माणसाकडून

सेंट-रेमी, मेन
९ सप्टेंबर २०१४

प्रिय ताई,

हातानं लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. ईमेलवर काही लिहायची मला आता धास्तीच वाटते. फोन स्वयंपाकघरात आहे आणि तिथे कायम कोणीतरी असतं. मोबाइलचं तर तुला माहीतच आहे. नदीपलीकडच्या कॅनडाच्या टॉवरला चिकटतो आणि अर्धं बोलणं हवेत जातं. म्हणून टपाल.

शुक्रवारी जिल्हा शाळा मंडळाच्या कचेरीतून सगळ्या पालकांना ईमेल आला. बटाटे काढणीची सुट्टी कधी लागणार, त्याच्या तारखा. सोबत एक फाईल होती. मला वाटलं, तारखांचा तक्ता असेल. उघडली तर शाळेच्या समुपदेशक बाईंची, मिस हॅफर्डची, खासगी टिपणं. सगळ्या शाळेची. प्रत्येक पोराचं नाव, खाली तपशील. कोणाला कसलं औषध चालू आहे, कोणाचा बाप तुरुंगात आहे, कोण अजून अंथरूण ओलं करतं, कोणी हातावर ब्लेड ओढून घेतलं. संध्याकाळी दुसरा ईमेल आला की चूक झाली, कृपया फाईल न वाचता पुसून टाका. न वाचता, म्हणे.

मी काम करते त्या नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी होतो. चौघींनी आपापल्या फोनमध्ये मान घातली आणि कोणी कोणाकडे बघेना.

ताई, आमच्या एलीझच्या नावाखाली हे आहे, जसंच्या तसं लिहिते: "विद्यार्थिनी बऱ्याचदा सकाळी उपाशी येते. ग्रंथालयात झोपलेली आढळते. वडील पाठीच्या दुखण्याच्या गोळ्यांच्या आहारी. आई दोन-दोन पाळ्या करते. तिला याची कल्पना नाही किंवा करून घ्यायची नाही. सकाळचा नाश्ता इतरांना न कळता द्यावा. माहिती घरच्या माणसाकडून."

हे मी कितीदा वाचलं असेल. गोळ्यांचं खोटं नाही, डॉक्टरच देतात रेनॉल्डला. लाकडाच्या ट्रकवरून पडला तेव्हापासून पाठ धड नाही, तू पाहिलंयस. पण उपाशी? फ्रीज भरायचं काम मी त्याच्याकडे दिलंय आणि तो दर शनिवारी जातो. आणि ते आईबद्दलचं वाक्य. "करून घ्यायची नाही." असं कोण म्हणालं? हॅफर्डबाईनं मला उभ्या आयुष्यात एकदा पाहिलंय. तिला हे सांगणारं कोणीतरी आमच्या घरात बसून, माझ्या हातची प्लोयची धिरडी खाऊन गेलंय.

रेनॉल्डला दाखवलं. त्यानं वाचलं आणि फोन परत दिला. म्हणाला, "पुसून टाक." आणि गॅरेजमध्ये निघून गेला. मानी माणूस, लागलं असणार. एलीझ काहीच बोलत नाही. तिनंही वाचलंय, तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी वाचलंय.

घरचं माणूस. मोजायला बसले तर फार नाहीत. तुला काय वाटतं?

तुझी,
नोएला


हार्टफर्ड, कनेटिकट
१६ सप्टेंबर

प्रिय नोएला,

पत्र मिळालं. ही चूक ज्या कोणी केली त्याला घरी बसवतील अशी आशा आहे, पण बसवणार नाहीत. माफीचा कागद काढतील आणि पुढच्या महिन्यात सगळं थंड होईल.

माझं ऐकशील तर कोणी सांगितलं हे शोधत बसू नकोस. समजा कळलं, तर काय करणार आहेस? आणि एक विचारू का, रागावू नकोस. लिहिलंय त्यात तथ्य किती? ईस्टरला आले होते तेव्हा एलीझ मला जरा वाळल्यासारखी वाटली होती. या वयात पोरी अशाच होतात म्हणून मी काही बोलले नाही.

तुला उत्तरच हवं असेल तर एवढंच म्हणते, शाळेत घरचं माणूस एकच आहे. तुझी जाऊ. लोरेत त्या कँटीनमध्ये रोज उभी असते, हॅफर्डबाईंशी तिचं येता-जाता बोलणं होत असणार. आता मी असं म्हटलं म्हणून लगेच तिच्या अंगावर धावून जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

रेनॉल्डशी शांतपणे बोल. गोळ्या किती घेतो, कुठून आणतो, हे तू कधी विचारलंयस का?

तुझी,
कोरीन


सेंट-रेमी
२४ सप्टेंबर

ताई,

धावून गेले.

आधी सभेचं सांगते. मंडळानं शाळेच्या जिममध्ये पालकांची सभा बोलावली. अधीक्षकसाहेब टाय लावून उभे राहिले आणि "मानवी चूक" हे दोन शब्द त्यांनी इतक्यांदा म्हटले की मागून कोणीतरी विचारलं, "तो मानव कोण ते सांगा ना." त्यावर, ती अंतर्गत बाब आहे. मग दर कुटुंबाला एक पाकीट. त्यात आपापल्या मुलाबद्दल काय काय बाहेर गेलं त्याची प्रत, म्हणजे ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांचीही सोय झाली. हॅफर्डबाई आली नव्हती. ती रजेवर आहे म्हणतात.

ताई, गाव कसं झालंय सांगू? दुकानात रांगेत उभी राहिले की वाटतं, हिनं आमचं पान वाचलंय. मग लक्षात येतं की मीही तिचं वाचलंय. तिचा मुलगा कशानं रात्री किंचाळत उठतो ते मला माहीत आहे, आणि ती मला विचारते, "यंदा बटाटा कसा आहे?" एका बाईनं तर मुलीला शाळेतून काढून नदीपलीकडे आत्याकडे ठेवलं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण होतं. लोरेत ॲप्रन बांधून वाढत होती. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, "माझ्या घरात काय शिजतं ते शाळेत जाऊन सांगायला तुला कोणी सांगितलं होतं?"

तिनं डाव खाली ठेवला. म्हणाली, "तुझ्या घरात काय शिजतं, नोएला?"

एवढंच. सगळ्यांसमोर. माझ्या कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "पोरगी तुझ्या नवऱ्याची पुतणी आहे. तिची अब्रू वेशीवर टांगताना तुला काहीच वाटलं नाही?" सासूबाई मध्ये पडल्या. मला म्हणाल्या, "घरी जा, तू दमलीयस." मला. लोरेतला कोणी काही म्हणालं नाही.

मी निघाले तेव्हा लोरेत मागून म्हणाली, "माणूसच शोधायचंय तर जरा लांब शोध. ईस्टरला आठवडाभर कोण राहून गेलं?"

तीन दिवस झाले, ते डोक्यातून जात नाही.

आणखी एक. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई सांगत होती, मार्चमध्ये रेनॉल्डची गाडी तिनं शाळेच्या मागच्या दाराशी उभी पाहिली होती. मी त्याला विचारलं. म्हणाला, "बर्फ उपसायला गेलो होतो." पाठ मोडलेला माणूस, घरासमोरचा बर्फ एलीझ उपसते, आणि हा शाळेचा उपसायला गेला? मी पुढे विचारलं नाही. मनात काय काय येतं ते कागदावर लिहवत नाही. हॅफर्डबाई दिसायला बरी आहे, एवढंच लिहिते. किंवा त्याहून वाईट, शाळेच्या मागच्या दाराशी गोळ्यांचे व्यवहार चालतात असंही लोक बोलतात.

घरात तिघं आहोत आणि तिघं एकमेकांकडे न बघता वावरतो.

तेव्हा सरळ विचारते, ताई. तू होतीस का? तू एलीझला वाळलेली पाहिलीस. तू रेनॉल्डच्या गोळ्यांबद्दल विचारतेस. तूच मला लोरेतकडे बोट दाखवलंस. आणि "आईला कल्पना करून घ्यायची नाही" हे वाक्य, विचार करते तसं मला तुझ्याच आवाजात ऐकू येतं.

नोएला


सेंट-रेमी
२८ सप्टेंबर

प्रिय कोरीन मावशी,

मी एलीझ. तुझा पत्ता आईच्या पाकिटावरून उतरवून घेतला. मला उत्तर पाठवू नकोस, घरची टपालपेटी आईच उघडते. मी आता सुट्टीत एका शेतावर काम करतेय, काढणीच्या मशीनवर. पट्ट्यावरून बटाटे येतात त्यातले दगड आणि सडलेले वेचून टाकायचे. शेताच्या मालकीणबाईंनी मला पाकीट आणि तिकीट दिलं.

मावशी, ते मी सांगितलं होतं. मिस हॅफर्डनी मला विचारलं की तू इथे का झोपतेस, आणि मी सांगून टाकलं की घरी बाबा सोफ्यावर झोपलेले असतात, तोंड उघडं टाकून, आणि ते श्वास घेतायत ना हे मी रात्रभर बघत बसते. आणि सकाळी काही नसतं. एकदाच बोलले. त्या म्हणाल्या होत्या, हे कोणाला कळणार नाही.

आईनं लोरेत काकूचं सगळ्यांसमोर काय केलं ते तुला कळलं असेल. मला तेव्हाच बोलायचं होतं. पण आई म्हणते, ज्यानं हे केलं त्याचं तोंड बघणार नाही. आता ती म्हणते की तू केलंस. मला काय करू कळत नाही. तू फक्त आईला सांग की तू नव्हतीस, आणि माझं नाव सांगू नकोस. दोन्ही एकदम कसं जमेल माहीत नाही, पण तू मोठी आहेस.

बाबा वाईट नाहीत.

तुझी,
एलीझ


हार्टफर्ड
४ ऑक्टोबर

प्रिय नोएला,

तू सरळ विचारलंस, मीही सरळ सांगते. हो, मीच.

ईस्टरहून परत आल्यावर मी शाळेत फोन केला आणि त्या बाईंशी बोलले. तुला न सांगता केलं कारण तू ऐकून घेतलं नसतंस. लोरेतचा काही संबंध नाही. तिच्याकडे मी बोट दाखवलं ते माझ्यावरचं लक्ष जावं म्हणून, आणि त्याची मला लाज वाटते. तिची माफी माग.

तुला माझ्यावर जेवढा राग काढायचा तेवढा काढ. एलीझवर नको, रेनॉल्डवर नको. घरात आता कोणाला काही विचारू नकोस. तुला उत्तर मिळालं आहे.

कोरीन


सेंट-रेमी
१० ऑक्टोबर

कोरीन,

तुझं पत्र मी रेनॉल्डला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो अर्ध्यावरच उठून गाडीत जाऊन बसला. इतका राग मी त्याला कधी आलेला पाहिला नाही.

आईनंतर मी तुलाच आई मानत आले. तू सोफ्यावर बसून माझ्या घराची पाहणी केलीस आणि परक्या बाईला अहवाल दिलास. आणि तो अहवाल आज गावातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे.

पुन्हा लिहू नकोस. एलीझलाही नको.

नोएला


सेंट-रेमी
१६ नोव्हेंबर

ताई,

पत्र फाडून टाकलं नसशील तर वाच.

एलीझच्या वाढदिवसाला तू पाठवलेलं पार्सल आलं तेव्हा मी ते टेबलावर ठेवून त्यावर "नाकारले, परत पाठवा" असं लिहीत होते. दुपारची वेळ. रेनॉल्ड खिडकीपाशी कॉफी घेऊन बसला होता, एलीझ शाळेतून नुकतीच आली होती. तिनं ते वाचलं आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, पोटात दुखतंय. म्हणाली, "आई, मावशीनं नाही..." आणि तिला पुढे बोलता येईना.

तेवढ्यात रेनॉल्ड म्हणाला, "कोरीन नव्हती. मी होतो."

एलीझ बापाकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "काय होतास तू?"

"मी गेलो होतो शाळेत. मार्चमध्ये. मागच्या दारानं, कोणी बघू नये म्हणून."

मला वाटलं, त्याला गोळ्या चढल्यात. मी म्हटलं, "कोरीननं स्वतः लिहून दिलंय."

"मग ती कोणासाठी तरी खोटं बोलतेय," तो म्हणाला. "सांगितलं कोणी ते मला माहीत नसेल तर कोणाला असेल?" आणि मग एलीझकडे बघितलं, आणि त्याच्याही लक्षात आलं, आणि माझ्याही. पोरगी हमसाहमशी रडत होती. "मीपण सांगितलं होतं, बाबा. मला वाटलं फक्त मीच."

ताई, मग त्यानं जे सांगितलं ते असं. फेब्रुवारीपासून तो शनिवारी बाजारात जायचाच नाही. गाडी नदीकाठी लावून गोळी घेऊन पडायचा आणि घरी येऊन मला सांगायचा, सामान लावून ठेवलंय. मी कामावरच जेवते, फ्रीज कधी उघडते? एकदा सकाळी त्यानं एलीझला कोरडं पीठ बोटानं खाताना पाहिलं. त्या दिवशी तो शाळेत गेला. हॅफर्डबाईला म्हणाला, "मला थांबता येत नाहीये. जमेल तेव्हा जमेल. तोवर माझ्या पोरीला रोज सकाळी खायला द्या आणि कोणाला कळू देऊ नका." तिनं विचारलं, बायकोला माहीत आहे का. हा म्हणाला, "तिला कल्पना नाही. किंवा करून घ्यायची नाही."

ते वाक्य त्याचं होतं. मी तुझ्या आवाजात ऐकत होते, लोरेतच्या आवाजात ऐकत होते. वीस फुटांवर बसलेल्या माणसाच्या आवाजात नाही ऐकलं.

मी त्याला विचारलं, "मी लोरेतला हॉलमध्ये बोलले तेव्हा तू शेजारी उभा होतास. का गप्प बसलास?" तो म्हणाला, "तुझ्या नजरेत आधीच फार काही उरलं नव्हतं माझं. होतं तेवढं राखत होतो." तुझं पत्र वाचून तो गाडीत जाऊन बसला तो रागानं नाही. त्याचं ओझं तू उचललंस आणि त्याला ते परत मागता येईना.

गेल्या सोमवारी त्याचा भाऊ गिल, लोरेतचा नवरा, त्याला बँगरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे राहावं लागेल, किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत. उपचार अर्धवट सोडून येईल का, तेही कोणी सांगत नाही. फोनवर आवाज बारीक येतो, पण स्वच्छ येतो. मी एक पाळी सोडली. सकाळी एलीझबरोबर बसून खाते. ती अजून ताटातलं थोडं बाजूला ठेवते, मी बघत नाहीसं दाखवते.

मग लोरेतकडे गेले. भाऊ भावाला दवाखान्यात नेतो आणि मी त्याच्या दारात पाऊल टाकायला महिना लावते, याची लाज घेऊनच गेले. तिनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी माफी मागितली. तशीच उभ्याउभ्या, थंडीत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "तू कशाची माफी मागतेयस? मी सांगितलं असा आळ घेतलास त्याची? अगं, मी सांगितलं नाही हेच तर आहे. तुझी पोरगी रोज माझ्या रांगेत यायची. पाव खिशात कोंबायची, संध्याकाळसाठी. मी बघायचे आणि एक जास्त ठेवायचे आणि गप्प बसायचे. दिराचं घर, म्हटलं, आपण कशाला. तू हॉलमध्ये ओरडलीस तेव्हा मला वाटलं, हिनं मला बरोबर पकडलंय, फक्त उलट्या बाजूनं."

तेव्हा मला हॉलमधला तिचा तो प्रश्न कळला. टोमणा नव्हता तो. तिला खरंच विचारायचं होतं.

मग आत घेतलं तिनं.

आता तुझं. एलीझनं मला तिच्या पत्राबद्दल सांगितलं. तिच्यासाठी तू माझ्या शिव्या अंगावर घेतल्यास, बहीण गमावलीस आणि एका शब्दानं तिचं नाव येऊ दिलं नाहीस. याबद्दल मी तुझी जन्मभर ऋणी राहीन आणि हे मी तोंडानं कधी नीट म्हणू शकणार नाही, म्हणून इथे लिहिते. पार्सल परत पाठवलं नाही. स्वेटर तिला थोडा मोठा होतो, ती तोच घालून फिरते.

पण ताई, एक राहतंच. लोरेतकडून परत येताना गाडीत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सगळं गाव दोन महिने शोधत होतं की सांगितलं कोणी. कचेरी शोधत होती की फाईल पाठवली कोणी. मीही शोधत होते. आणि ज्यांच्यावर मी संशय घेतला त्या दोघींनी सगळं पाहूनही सांगितलेलं नव्हतं.

तू ईस्टरला आठवडाभर माझ्या घरात होतीस. फ्रीज तू उघडलास, कारण शेवटचे दोन दिवस स्वयंपाक तूच केलास आणि सामानही तूच आणलंस. मला तेव्हा वाटलं, ताई पाहुणचार करतेय. सोफ्यावरचा माणूस तू पाहिलास. एलीझ वाळलेली तू पाहिलीस. तू ते खोटं इतकं सहज लिहिलंस, ईस्टरसकट, फोनसकट. म्हणजे तो फोन करायचा विचार तुझ्या मनात येऊन गेला होता.

मग का नाही केलास? त्या बाईला नाही तर नाही, मला का नाही बोललीस?

मी हे आरोप म्हणून विचारत नाही. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला माहीत आहे. दाराबाहेर काढलं असतं तुला. त्यामुळे माझ्या वाट्याचं मी विसरलेले नाही. तरी विचारतेय. या घरात न विचारलेल्या गोष्टी पुष्कळ झाल्या.

उत्तर पत्रानंच पाठव. ते मी एलीझला वाचायला देणार आहे, तेव्हा बेतानं नाही, खरं लिही.

तुझी,
नोएला